स्वर आणि सांगाडा



ज्या संगीतशिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने भरलेल्या सभेत संगणकाच्या एका तांत्रिक अंगाविषयी बोलावे की नाही, याविषयी माझ्या मनात प्रारंभी संकोच होता. परंतु कार्यवाहांनी विषय ऐकताक्षणी मान्य केला, आणि मंचावर एक तंबोरा व एक पेटी ठेवावी ही माझी विनंतीही आनंदाने पुरी केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात, म्हणजे लाकूड, पितळ आणि कातडे यांच्याऐवजी केवळ गणिताच्या आज्ञांनी रचलेले वाद्य, ते बनवू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्यासाठी कोणती प्लगइनची चौकट पत्करावी, हा आजचा विषय आहे. तो केवळ अभियंत्यांचा विषय नव्हे. चौकट निवडणारा मनुष्य पुढे त्या वाद्यातून कोणते स्वर निघू शकतील आणि कोणते कधीच निघणार नाहीत, हेही नकळत ठरवून टाकीत असतो. आणि हा निर्णय आपल्या संगीताच्या बाबतीत एकदा आपल्या संमतीवाचून होऊन गेलेला आहे.

प्रथम कानांना साक्षीला बोलावू. (येथे तंबोरा छेडून त्यावर पेटीचा गांधार धरून दाखविण्यात आला.) हिशेबाच्या सोयीसाठी मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांची झाली, आणि तार उत्तम लागली असली की तिच्या नादातून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो, तो त्या तारेचा पाचवा अंश असल्यामुळे ६०० कंपनांचा असतो. म्हणजे मध्य सप्तकात त्याचे स्थान बरोबर ३०० वर येते. पेटीचा गांधार मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून मिळविलेला असतो, आणि तो ३०२.४ च्या आसपास पडतो. त्याचा वरचा अंश तंबोऱ्याच्या ६०० शी झगडू लागला की सेकंदाला सुमारे पाच हेलकावे ऐकू येतात. आता आपण ऐकलेली थरथर ती हीच. पंचमाच्या बाबतीत हा फरक अर्ध्या कंपनाहूनही कमी आहे, म्हणून तो खपून जातो. गांधाराचा खपत नाही.

यावर पेटी बनविणाऱ्यांकडे उपाय नव्हता असे नाही. मुंबईत, दादरच्या बाजारात, हरिभाऊ विश्वनाथांसारख्या नामांकित पेढीच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात आहेत, आणि या व्यवसायातील कारागिरांना गांधार ट्यूनिंग हा शब्द चांगला परिचित आहे. एका ठरावीक षड्जासाठी रीड कानशीने हलकेच घासून स्वर नैसर्गिक स्थानी आणायचे, ही ती रीत. पण काळी एकसाठी अशी लावलेली पेटी काळी चारच्या गायिकेला चालत नाही. शिवाय एकाच षड्जावरही अडचण सरत नाही. ऋषभ २७० चा धरला, तर त्याच्याशी पंचमभावाने जुळणारा धैवत ४०५ चा लागतो. गांधार-मध्यमाच्या संगतीत गोड लागणारा धैवत ४०० चा असतो. दोन्ही शुद्ध धैवतच म्हटले जातात, दोन्ही खरे आहेत, आणि पेटीत धैवताला पट्टी एकच आहे. त्या दोहोंमध्ये ८१ ला ८० चे जे प्रमाण उरते, तीच प्रमाणश्रुती.

हार्मोनियम हे वाद्य अलेक्झांद्र दबेन यांनी १८४२ मध्ये पॅरिसला नोंदविले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात ते हाताच्या भात्यासह आपल्याकडे रुजले. ज्या काळात अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटकाचे पर्व सुरू केले, त्या आणि नंतरच्या दशकांत रंगभूमीला, कीर्तनाला, भजनी मंडळाला आणि शाळेच्या प्रार्थनेला हाच आधारस्वर मिळत गेला. गोविंदराव टेंब्यांसारख्या प्रतिभावंताने त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठाही दिली. त्या वाद्याचे आपल्यावर थोर उपकार आहेत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण बारा पट्ट्यांचा सांगाडा आपण पारखून निवडला नव्हता. तो वाद्याबरोबर आला आणि वहिवाटीने कायम झाला.

तो सांगाडा बदलण्याचा पहिला मोठा यत्न आपल्याच प्रांतात झाला, आणि मुलकी खात्यातील डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तो केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर मोजले आणि १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने त्या मापांवर बेतलेली श्रुती-हार्मोनियम लंडनहून घडवून आणण्यात आली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी विद्वानांपुढे आली. तीवर वाद झाला आणि ती सर्वमान्य झाली नाही. त्या वादातील पक्षांचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मला त्यातील एकच गोष्ट अत्यंत बोधप्रद वाटते. गवई म्हणाला की हा स्वर माझा नव्हे, तर त्याच्या समोर तो स्वर बदलून पाहण्याचा मार्ग त्या पेटीत नव्हता. घासलेली रीड घासली गेली. आकडा पितळात गोठला.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला, आणि तो हुकूम सुमारे तीन दशके अमलात राहिला. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी पट्टीगणिक खुंटीची योजना करून, वाजविणाऱ्याला रागानुरूप श्रुती बदलता येईल अशी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. देवलांपासून ओकांपर्यंतची ही वाटचाल एकाच दिशेची आहे: स्वराचा निर्णय कारखान्यातून काढून कलावंताच्या हाती द्यावयाचा. विजेच्या वाद्यांच्या क्षेत्रातही याच मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यांतल्या एका यंत्राची सोय मींडेसारखी राबविली. यंत्र ज्यासाठी बनले नव्हते ते त्यांनी त्याच्याकडून करवून घेतले. संगणकावर वाद्य रचणाऱ्याला यंत्राशी अशी झटापट करण्याचे कारण उरलेले नाही, मात्र त्याने पाया घालतानाच सावध राहिले पाहिजे.

आता मूळ विषयाकडे वळतो. संगणकावर संगीत मुद्रित करणारा जो मोठा कार्यक्रम असतो, त्याला आपण यजमान म्हणू. आणि त्याच्या घरी येऊन वाजणारे वाद्य म्हणजे प्लगइन, हा पाहुणा. दोघांनी कोणत्या भाषेत बोलावे, स्वर केव्हा सुरू झाला हे कसे कळवावे, ध्वनी कोणत्या भांड्यातून परत द्यावा, याचा जो तहनामा असतो त्याला प्लगइनचे स्वरूप म्हणतात. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा तहनामा क्यूबेस या यजमानाबरोबर प्रसृत केला, आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यांनाही त्यात प्रवेश मिळाला. ॲपलचा ऑडिओ युनिट हा तहनामा वेगळा, ॲव्हिडचा एएएक्स वेगळा, लिनक्सवरचा एलव्हीटू वेगळा, आणि २०२२ मध्ये बर्लिनच्या यू-ही व बिटविग या दोन कंपन्यांच्या पुढाकाराने आलेला क्लॅप तर सर्वांत नवा. इतके तहनामे एकट्या कारागिराने स्वहस्ते पाळणे कठीण. म्हणून मध्ये दुभाषा ठेवतात. आपण एकदाच लिहायचे आणि दुभाष्याने ते प्रत्येक यजमानाच्या भाषेत सांगायचे. हा दुभाषा म्हणजेच फ्रेमवर्क, म्हणजेच आपली चौकट.

दुभाषा कोणताही घेतला तरी काळाचे बंधन सर्वांना सारखेच आहे. यजमान ध्वनी तुकड्यातुकड्यांनी मागतो. सेकंदाचे ४४,१०० नमुने आणि तुकडा २५६ नमुन्यांचा असला, तर प्रत्येक तुकडा सुमारे ५.८ सहस्रांश सेकंदात भरून द्यावा लागतो. एकदा चुकले की ध्वनीत टक्‌ असा तडा जातो. माझ्या पहिल्या वाद्यात मी प्रत्येक स्वर सुरू होताना संगणकाच्या स्मृतीतून नवी जागा मागत असे. घरी ते निर्दोष वाजले. पण एका छोट्या मैफलीत, दुसरी वाद्ये त्याच यंत्रावर चालू असताना, द्रुत लयीत ते तडकू लागले, आणि गायकाने माझ्याकडे एकदा पाहून हाताने थांबण्याची खूण केली. ती खूण मी विसरलेलो नाही. ध्वनीचे तुकडे भरून देत असताना जागा मागू नये, कुणाची वाट पाहू नये, दप्तरात नोंद लिहीत बसू नये: जे लागेल ते आधीच मांडून ठेवावे, ही शिस्त मला त्या रात्री कळली. चौकट ही शिस्त मोडू देते. ती पाळणे हे आपलेच काम.

बाजारात आज ज्या चौकटी आहेत, त्यांतील मुख्य अशा. ज्यूस ही ज्यूल्स स्टोरर यांनी २००४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली सी-प्लस-प्लस भाषेतील चौकट सर्वांत व्यापक आहे. चित्रे, खुंट्या, फाइली आणि बहुतेक सर्व तहनामे ती सांभाळते. आयप्लग टू ही तिच्याहून आटोपशीर असून क्लॅपसह अनेक स्वरूपे देते. डीपीएफ ही हलकी चौकट लिनक्सवर वाढलेल्या मंडळींना प्रिय आहे. रस्ट भाषेत लिहिणाऱ्यांसाठी निह-प्लग आहे. फ्रान्समधील लियों येथील ग्रामे या संस्थेची फॉस्ट ही भाषा तर चौकटीच्याही आधीचा, म्हणजे ध्वनीच्या गणिताचाच भाग लिहिण्यासाठी आहे, आणि तिच्यातून निघालेले गणित कोणत्याही चौकटीत बसविता येते. सर्ज नावाचा एक उत्कृष्ट सिंथेसायझर त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये लोकांसाठी खुला केला. पुढे त्याच्या सेवाभावी कारागिरांनी तो ज्यूसवर नव्याने उभारून २०२२ मध्ये सर्ज एक्सटी या नावाने प्रसिद्ध केला. त्याचे सर्व स्रोत वाचावयास मोकळे आहेत, आणि निरनिराळी स्वरसप्तके साध्या मजकुराच्या फाइलीतून त्यात भरता येतात. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरुगृहवास क्वचित मिळेल.

यांतून निवड करताना मी तीन कसोट्या लावतो, आणि त्या क्रमाने लावाव्यात असा माझा आग्रह आहे.

पहिली कसोटी स्वराची. वाद्यांना आज्ञा देण्यासाठी १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी या संकेतात स्वर ० ते १२७ या क्रमांकांनी ओळखला जातो, आणि स्वर वाकविण्याची आज्ञा एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होते. म्हणजे त्याच वाहिनीवर षड्ज धरून ठेवून गांधाराला मींड दिली, तर षड्जही गांधाराबरोबर सरकतो! पेटीला मींड येत नव्हती. येथे येते, पण आधारस्वर हलवून येते, आणि ज्या संगीताचे सर्वस्व अचल षड्जावर उभे आहे त्याला हे मुळीच परवडणारे नाही. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीई या पद्धतीने प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी दिली. व्हीएसटीच्या तिसऱ्या पिढीत आणि क्लॅपमध्ये एकेका स्वराचे सूक्ष्म स्थान स्वतंत्रपणे कळविण्याचीही तरतूद आहे. म्हणून चौकटीला पहिला प्रश्न हा विचारा: एक स्वर अचल ठेवून दुसरा अखंड सरकविण्याची आज्ञा ही माझ्यापर्यंत पोहोचविते काय? ज्यूस एमपीईची व्यवस्था उत्तम करते. तिच्या आठव्या आवृत्तीत क्लॅप मात्र अंगभूत नाही, त्यासाठी सुट्या विस्ताराची जोड द्यावी लागते.

दुसरी कसोटी सनदेची. फुकट मिळाले म्हणजे मोकळे मिळाले असे समजणारा तरुण पुढे अडचणीत येतो. ज्यूसची आठवी आवृत्ती दोन मार्गांनी मिळते: एक तर कंपनीशी करारनामा करून, ज्यात अल्प उत्पन्नाच्या कारागिराला शुल्क माफ आहे, किंवा एजीपीएल या सार्वजनिक परवान्याखाली, ज्याची मुख्य अट अशी की आपल्या वाद्याचा सारा स्रोतही लोकांना त्याच अटींवर खुला केला पाहिजे. आयप्लग टू आणि डीपीएफ यांच्या अटी पुष्कळ सैल आहेत. मी कोणत्याही अटीला वाईट म्हणत नाही. मात्र परवान्याचे प्रत्येक कलम जमिनीच्या दस्तऐवजाप्रमाणे, पहिली ओळ लिहिण्याआधी वाचावे. इमारत उभी राहिल्यावर सातबारा पाहणाऱ्याची जी गत होते ती येथेही होते.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची. व्हीएसटीची दुसरी आवृत्ती जगभर रूढ असतानाही तिचे साहित्य नव्या कारागिरांना देणे २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झाले. आणि स्टाइनबर्गनेच २०२५ च्या ऑक्टोबरात तिसरी आवृत्ती एमआयटी या अत्यंत उदार परवान्याखाली खुली केली. ज्यूसची मालकी २०१४ मध्ये एका कंपनीकडे आणि २०२० मध्ये दुसरीकडे गेली. सात-आठ वर्षांत दरवाजे बंद होतात, उघडतात, मालक बदलतात. यात कुणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण ज्याचे वाद्य एकाच दरवाजावर अवलंबून आहे, त्याला दरवाजाबरोबर वाद्यही गमवावे लागते. माझे एक वाद्य असेच गेले, आणि दोष माझा होता. ध्वनीचे गणित, श्रुतींचे आकडे आणि खुंट्यांची चित्रे मी एकात एक गुंफून टाकली होती. चौकट बदलण्याची वेळ आली तेव्हा भिंत काढताना छप्परही उतरवावे लागले, आणि मला ते पुन्हा बांधता आले नाही.

म्हणून माझा निवाडा असा. ज्याला आपले वाद्य सर्व प्रचलित यजमानांकडे आजच पोहोचवावयाचे आहे, त्याने ज्यूस घ्यावी. ज्याला अटींपासून अधिक मोकळीक हवी आणि जो थोडी अधिक मेहनत सोसू शकतो, त्याने आयप्लग टू घ्यावी. परंतु कोणतीही घेतली तरी तीन अटी पाळाव्यात, आणि त्यांतल्या पहिल्या दोन गोष्टी चौकटीच्या बाहेर, स्वतःच्या घरात ठेवाव्यात. ध्वनी निर्माण करणारे गणित वेगळ्या दालनात असावे, ज्यात चौकटीचे नावसुद्धा येत नाही. श्रुतींचे आकडे प्रमाणांच्या रूपाने साध्या मजकुराच्या फाइलीत असावेत, म्हणजे ज्याला कोडचे अक्षर कळत नाही त्या गवयालाही ती उघडून ५/४ च्या जागी ८१/६४ लिहिता यावे. आणि ती फाइल वाद्य वाजत असताना बदलता आली पाहिजे. एका रागात ४०० चा धैवत आणि दुसऱ्यात ४०५ चा. ही निवड वादकाने चालू मैफलीत एका खुंटीने करावी.

या तिसऱ्या अटीवर मी इतका भर का देतो, हे बडोद्याच्या प्रसंगावरून आपल्या ध्यानी आले असेल. देवलांची दृष्टी थोर होती, त्यांचे श्रम निःस्वार्थ होते. त्यांच्याकडे नव्हते ते एवढेच, की गवयाने मान हलविताच आकडा बदलून पुन्हा विचारावे. आज ते साधन सोळा वर्षांच्या मुलाच्या पिशवीत आहे. त्याने त्या साधनाने प्रयोगशाळेतील मापाला अंतिम प्रमाण मानून गायकाला त्यापुढे उभे करू नये. गायकाला प्रथम आसन द्यावे, त्याच्यासमोर आकडा हलवीत जावे, आणि जेथे तो समाधानाने डोळे मिटेल तेथे थांबून ती संख्या नोंदवावी. पुढच्या गायकाची संख्या वेगळी आली तर तीही नोंदवावी. अशा वीस गायकांच्या वीस फाइली जमल्या, तर श्रुतींच्या शतकाच्या वादात तो फार मोलाचा पुरावा ठरेल.

१९२५ साली मुंबईच्या गिरगावात प्राध्यापक बी. आर. देवधरांनी आपले संगीत विद्यालय काढले, जेथे परंपरेच्या तालमीबरोबर आवाजाच्या शास्त्राचाही विचार होत असे. संगीत आणि विज्ञान यांना एका सतरंजीवर बसविण्याची ती रीत या शहराला नवी नाही. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या वस्त्यांत आज संगणक शिकणारी मुले घरोघर आहेत, आणि त्याच घरांत, किंवा फार तर शेजारच्या खोलीत, तंबोरा लावणारी एखादी आजी किंवा मावशीही आहे. माझी विनंती त्या दोघांना आहे. मुलाने चौकट निवडण्यापूर्वी आजीकडे जाऊन तंबोऱ्याजवळ बसावे, खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो तो स्वतःच्या कानांनी ओळखावा, आणि मगच संगणक उघडावा. आजीने त्याला विचारावे, की बाळ, तुझ्या वाद्यात हा स्वर लागतो का. आणि लागत नसेल तर लागेपर्यंत त्याला उठू देऊ नये.